पानाची पाठ

दुपारची भाकरी झाली की वांग्याच्या वावरातल्या छपरात मी घटकाभर आडवी होते. डोळा लागतो न लागतो, तोच उशाशी काहीतरी ठेचल्याचा आवाज येतो. बघते तर आमच्या थोरल्या जाऊबाई, बायजाक्का. चैत्रात वारल्या. आता निंबोळ्या ठेचत बसल्यात, नुसत्या माहेरी जाऊन आल्यासारख्या.

"उठ की गं कालिंदे. का माज्या वांग्यांचं तेरावं घालूनच उठणार?"

मला हसू फुटतं. कारलं तुपात तळलं तरी कडू ते कडूच. माणूस वर गेलं, जीभ तीच.

"अक्का, तुमचं बी जातंय बघा," मी सांगून टाकते. काटेरी वांग्याचं हे बी त्यांनी तीस वर्षं राखेत जपलं. त्या गेल्यावर होतं तेवढं मी लावून बसले, चिमूटभरही मागे ठेवलं नाही. आता पांढऱ्या माशीनं पानं पिवळी पडलीत. घरचे म्हणतात, उपटून टाक.

"निंबोळीचा अर्क?"

"दोनदा मारला. माशी हलत न्हाई."

"मारलास कसा?"

"वरनं. पानं न्हाऊन निघाली."

"अगं येडे, माशी बसती खाली!"

आम्ही सरीत उभ्या आहोत. समोरचं पान गोधडीएवढं होऊन दोरीवर वाळत पडलंय. अक्का त्याची कड उचलतात. खाली अंडी, पिल्लं, सगळी बिऱ्हाडं सुखानं नांदतायत.

"ह्यांच्या छपरावर पाणी शिंपडून आलीस तू. म्हणाली असतील, बरं झालं, गारवा आला!"

हसून हसून माझ्या पोटात दुखतं. दोरी आता आमच्या न्हाणीत आहे. अक्का घंगाळात अर्क ओततात, रिठे घुसळतात. फेस उंबऱ्यावरून वाहतो.

"रिठा घातलावतास?"

"विसरले."

"मग चिकटंल कसा? आन् ध्यानात ठेव, तोंड ज्याचं त्याला धुता येतं. पाठीला दुसरं माणूस लागतं. फिर तिकडं."

दर शनिवारी आम्ही जावा एकमेकींची पाठ चोळायचो. चैत्रापासून माझ्या पाठीला कुणाचा हात लागलेला नाही. हे कुणाला सांगायचं? मी पाठ वळवते. तो खरखरीत हात फिरतो आणि मला इतका आनंद होतो की मी ओरडते, "अक्का, जरा वर!"

त्या ओरडण्यानंच जाग येते. ऊन कललंय, फवारायची वेळ झालीय. पोलकं पाठीला चिकटलंय. घामच असणार. पदर मागून ओढून पाठ पुसते आणि पुढे घेऊन बघते, तर पदराला फेस.

घामाला फेस येत नाही. आणि दोन खांद्यांच्या मधोमध माझा हात आजवर कधी पोचलेला नाही.

तशाच ओल्या पाठीनं मी पहिल्या झाडापाशी वाकते आणि पान उलटं करते.