पांढरी राहिलेली ओळ

शिरवण्याच्या बाजूला, एमआयडीसीत आमची कंपनी. खाली पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस मशिनी आणि वर पोटमाळ्यावर ऑफिस. खाली इतका दणदणाट असतो की माझ्या टेबलावरचा चहासुद्धा थरथरतो. म्हणून खालच्या प्रत्येक माणसाचे कान दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचे असतात. कोणाची वेळ झाली हे बघायचं काम माझं.

आधी मी यादीवर बोट फिरवत तारखा शोधायचे. मग एका रविवारी जुईनगरला घरी बसून, व्हिडिओ बघून एक्सेलमधला फॉर्म्युला शिकले. आजच्या तारखेतून मागच्या तपासणीची तारीख वजा करायची, एकशे ऐंशीपेक्षा जास्त दिवस झाले असतील तर त्या माणसाची अख्खी ओळ लाल. डॉलरचं चिन्ह नेमकं कुठे द्यायचं यात दुपार गेली. जमलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "छान." या माणसाला कौतुक कधी नीट जमलंच नाही.

सोमवारी साहेबांना दाखवलं, तेही खूश झाले. यादीची रंगीत प्रिंट गेटजवळच्या बोर्डावर लावायची आणि ज्यांची ओळ लाल त्यांनी कंपनीत येणाऱ्या डॉक्टरांच्या तपासणीच्या गाडीत जाऊन तपासणी करून घ्यायची, असं ठरलं.

फक्त एक कटकट होती. तारखेचा खाना रिकामा असला की एक्सेल तो शून्य, म्हणजे थेट सन एकोणीसशे धरतं आणि त्या माणसाची तपासणी शंभर-सव्वाशे वर्षांत झालीच नाही असं समजून ओळ लाल करतं. यादीखालच्या कोऱ्या ओळीही लालभडक व्हायच्या. ऑडिटच्या आदल्या दिवशी साहेब वैतागले, "काय ही रांगोळी काढलीये? एवढं लाल नको, यार." मी फॉर्म्युल्यात एक अट वाढवली, खाना रिकामा असेल तर रंग देऊ नकोस. कोऱ्या ओळी पांढऱ्या झाल्या. त्यांच्याबरोबर ठेकेदाराकडून नव्याने आलेल्या सात जणांच्या ओळीही पांढऱ्या झाल्या, कारण त्यांची तपासणीच झाली नव्हती. मला ते दिसलं नाही असं म्हणणार नाही. दिसलं होतं. नंतर बघू म्हटलं, आणि ऑडिट छान पार पडलं.

दोन वर्षांनी त्या सातांतले एक काका रजेचा अर्ज घेऊन वर आले. मूळचे मराठवाड्याचे, पन्नाशीतले, शांत माणूस. मी विचारलं, "किती दिवस हवेत?" ते म्हणाले, "व्हय." मी पुन्हा विचारलं. पुन्हा "व्हय." तिसऱ्यांदा मी चिडून ओरडलेच. तेव्हा त्यांनी मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि ओशाळं हसले.

मी लगेच यादी उघडली. त्यांच्या नावापुढे तारीखच नव्हती.

"काका, तपासणीला एकदाही का नाही गेलात?"

"मी दर टायमाला बोर्ड बगतो ना, मॅडम. माझं नाव कंदीच लाल नसतंय. घरी बी सांगितलं, कंपनीच्या कागदात माझे कान चांगले हायेत." मग जरा थांबून म्हणाले, "बायको म्हनती तुमाला ऐकू येत नाय. मी म्हनलं, तूच हळू बोलतीस."

ती अट मी त्याच मिनिटाला काढून टाकली. सातही ओळी लाल झाल्या. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. त्यात माझा स्वतःवरचा रागच जास्त होता. त्याच आठवड्यात सगळ्यांची तपासणी झाली. बाकीचे सहा थोडक्यात वाचले होते. काकांचा डावा कान जवळजवळ गेला होता, आणि तो परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

साहेबांनी काकांना प्रेसवरून पॅकिंगला हलवलं. एका दुपारी मी मुद्दाम खाली गेले. ते खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. मी शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "काका, चूक माझी होती. मला माफ करा."

ते चिकटपट्टी लावत राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. उजवीकडे जाऊन तेच पुन्हा म्हणायचा धीर मला झाला नाही.