बाळंतिणीने हसू नये

सासरी नकला करायच्या त्या मीच. टांगेवाल्याची, कचेरीतल्या गोऱ्या साहेबाची, दक्षिणेवर डोळा ठेवून मंत्र आटोपणाऱ्या भटजींची. नक्कल रंगली की सासूबाई आधी खाली बसून घेत आणि मग हसत. मला वाटे, ही त्यांची दाद देण्याची रीत.

पहिल्या बाळंतपणात मात्र मला हसण्याचीच भीती बसली.

दाई कांचघर मोहल्ल्यातली होती. नवं लुगडं काखेत मारून निघाली, दाराशी थांबली आणि बोट उगारून म्हणाली, "बहूजी, हँसना मत. छींकना मत. हमारे मोहल्ले में एक हँसी थी, बच्चादानी बाहर आ गई." आणि टांग्यात बसून गेली!

तिने सांगितलं नसतं तरी मी घाबरलेच असते. उभी राहिले की ओटीपोटात भिजलेली रजई कोंबल्यासारखं जड वाटे. शिंक आली की नाक दाबून धरायची. बाळ रडलं तरी उचलायला हात धजेना. गर्भाची पिशवी उतरली तर? अजून सगळा जन्म पडला होता.

शेवटी सासूबाईंनी पकडलं. "शिंक काहून गिळून राहिली तू?"

मी रडत सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि थेट सासऱ्यांकडे गेल्या.

सासरे कचेरीत हेडक्लार्क, पण ग्वारीघाटावरच्या एका साधूकडून आसनं शिकलेले. पण बाळंतिणीच्या खोलीत ते येणार कसे, आणि सुनेशी असलं बोलणार कसे? तोड निघाली. सासरे दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून. सासूबाई उंबऱ्यावर. मी आत सतरंजीवर.

"तिला सांग, उताणं निजायचं. गुडघे वर."

"नीज. गुडघे वर."

"श्वास सोडायचा. आणि मग, हे, मूळबंध."

"म्हणजे काय करायचं तिनं?"

"मूळबंध म्हणजे मूळबंध."

"अहो, पण आवळायचं काय?"

बाहेर नुसतं खाकरणं.

"अच्छा, समजलं!" सासूबाई गरजल्या. "लघवी रोखतो तसं आवळ गं!"

"हळू बोल! शेजारी माणसं राहतात!"

एरवी मी लोळले असते. पण आता हसायची सोय नव्हती. मी आवळलं. मग कंबर उचलायचा हुकूम आला. सतरंजी मुठीत धरली, कंबर बोटभर उचलली, आणि आता सुटणार, आता सुटणार, असं वाटून अंगाला दरदरून घाम फुटला. खाली टेकले. सगळं जागच्या जागी होतं.

मग रोज सकाळी हाच खेळ. एखाद्या दिवशी हलकं वाटे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जड, आणि मी बाळाला नजरेनेच जवळ घेऊन पडून राही.

एके सकाळी माझी कंबर काही केल्या उचलेना. "भित्री कुठची! सरक, मी दाखवते," म्हणत सासूबाई शेजारी आडव्या झाल्या. दणक्यात कंबर उचलली. आणि तशाच राहिल्या.

"अहो! आता खाली कसं यायचं?"

हाक ऐकून सासरे सवयीने वळले. बायकोची नऊवारी कंबर छताकडे निघालेली पाहून कचेरीतले हेडक्लार्क "राम राम राम" करत पळाले, एक चप्पल तिथेच टाकून.

आणि मी हसले. खदखदून हसले. मग एकदम आठवलं.

तोंडावर हात गेला. मी तशीच पडून राहिले, वाट पाहत.

"काही बाहेर आलं का?" सासूबाईंनी वरूनच विचारलं.

"नाही."

"नीट बघ."

"नाही हो. काही नाही."

त्या हळूच खाली टेकल्या. त्या हसल्या नव्हत्या. ओठ घट्ट मिटलेले, गुडघे जुळवलेले; जी भीती मला, तीच त्यांना. इतकी वर्षं हसण्याआधी या बसून का घेत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

पदर सारखा करून त्यांनी दाराकडे हाक मारली, "अहो, या परत. आजपासून दोघींना सांगा."