निळ्या पिंपाचा वास
प्लॅस्टिक जळल्याचा वास आला की मला भेस्तानच्या गिरणीवस्तीतल्या आमच्या खोलीतली ती दुपार आठवते. भंगारवाल्याकडून आम्ही दोन निळी पिंपं आणली होती. चाळीत घरोघरी तसलीच होती. सोडा घालून धुतली, उन्हात वाळवली. एक मोरीपाशी पिण्याच्या पाण्याला ठेवलं, दुसरं अर्धं कापून मी दारात मांडलं आणि पाणी भरून त्यात जास्वंदीच्या फांद्या मुळं फुटायला ठेवल्या. मुळं तर फुटेनातच, उलट पाण्यातली टोकं काळी पडत चालली. त्यात भर म्हणून पिंपाला तडा गेला. नवऱ्याने फांद्या बाहेर काढल्या, पाणी ओतून दिलं, पेचकस गॅसवर लाल केला आणि तड्यावरून फिरवत प्लॅस्टिक वितळवून सांधायला लागला. धूर निघाला, पण तो नुसत्या प्लॅस्टिकचा नव्हता. घशाला टोचणारं आंबट काहीतरी त्यात होतं. खाटेवर पडलेले सासरे उठून बसले. डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या खात्यात, असल्याच निळ्या पिंपांतली रसायनं ओतण्यात त्यांचा जन्म गेला होता. "थांब," ते म्हणाले, "हाऊ वास डाइंगना शे." नवरा हसला, "आबा, सोड्याने धुतलंय ना!"  आबांनी फांद्यांच्या त्या काळ्या टोकांकडे पाहिलं, मग मोरीकडे. तिथे माझी मुलगी पिण्याच्या पिंपात पेला बुडवून घटाघटा पाणी पीत होती. आता ती कॉलेजात जाते, तशी धडधाकट आहे. पण तिला साधी कणकण आली तरी माझ्या नाकात आधी तो धूर शिरतो.