बिटवीन की अमंग: एक प्रलंबित प्रकरण

विषय: इंग्रजीत वाटणी करताना वापरायच्या शब्दांबाबत.
संदर्भ: मी आणि दिगंबर, हैदराबादच्या एका कचेरीत एकाच टेबलाच्या दोन बाजू.

नोकरीत फंड साठतो तसे किस्से साठतात. फंड रिटायर होताच मिळाला, किस्से अजून अंगावर आहेत.

आमचा रिवाज असा. मसुदा एकाने लिहायचा, दुसऱ्याने तपासून सही करायची. तपासल्याशिवाय कागद टेबलावरून हलायचा नाही. तुकडे करायचे तर इन्टू, दोघांत वाटायचं तर बिटवीन, जास्त जणांत अमंग. याबाबतीत दिगंबर देवालाही सूट देत नसे.

एकदा साहेबांनी स्वतः लिहिलं, 'काम सगळ्या स्टाफच्या बिटवीन वाटावे.' दिगंबरने लाल शाईने अमंग केलं. साहेब भडकले, "अरे, काम तो वहीच रहेगा ना?"

"हौ साहेब. करनेवाले भी वहीच दो रहेंगे. पण कागदावर तरी सगळे दिसू देत!"

संध्याकाळी नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात एक चहा दोन कपांत. मी ओरडायचो, "युसुफभाई, वन बाय टू!"

दिगंबर म्हणायचा, "बाय काय? बिटवीन टू म्हण."

युसुफभाई कप ठेवत म्हणाले, "बिटवीन का रेट अलग है साब!"

आमच्या निरोप समारंभात केक आला. दिगंबर माझ्या कानात पुटपुटला, "इन्टू पीसेस होणार, अमंग स्टाफ जाणार. बिटवीन तू आणि मी, फक्त खोका!"

खोकाच उरला. त्याने तो मला दिला.

रिटायर झाल्यावर मलकपेठेत शेजारी शेजारी फ्लॅट घेतले. दोन्ही गच्च्यांच्या मध्ये एक भिंत. तिला दार पाडायचं ठरलं. सोसायटीला अर्ज हवा, दोघांच्या सह्यांचा. पण अर्ज लिहायच्या आधीच दिगंबर आजारी पडला आणि मुलाने त्याला पुण्याला नेलं. शेजारी कुलूप लागलं.

मग मीच मसुदा लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला: 'आमच्या दोन फ्लॅटच्या अमंग असलेली भिंत.' मुद्दाम! 'कसा आहेस' विचारलं तर तो नुसता अंगठा पाठवतो. चूक दिसली की लगेच फोन करतो, "गाढवा, दोन आहेत ना? मग अमंग कुठून आणलंस?"

आठवडा गेला. फोन नाही. मग त्याच्या मुलाचा मेसेज आला, "काका, बाबा हल्ली फारसं बोलत नाहीत. ग्रामरच्या अ‍ॅपमधून मसुदा करेक्ट करून पाठवतोय. प्रिंट काढा, बाबांची सही मी घेऊन देतो."

मसुदा उघडला. बिटवीन होतं. एकही चूक नव्हती.

मी अमंग परत घातलं आणि दिगंबरला पाठवलं.

परवा जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी राव भेटले. "क्या अंकल, वो दरवाजे का अर्जी कब देते?"

म्हटलं, "तपासणीला गेलाय."

अर्ज प्रलंबित आहे.