पास कोणाचा, ते लिहा

वानखडे सर गेल्याचं माझ्या पोरानं, रोहननं, अमरावतीहून फोन करून सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं? "मग तुझ्या विद्यापीठाच्या संघातल्या निवडीचं कसं?" ज्या माणसानं त्याला चिखलीच्या बास्केटबॉलच्या मैदानावर पाच वर्षं घडवलं, त्याची राखही निवली नव्हती. महिना झाला, ते वाक्य अजून मला बोचतं.

खरं सांगायचं तर सरांवर माझा कधी विश्वासच नव्हता. रोहन संघात सगळ्यांत बुटका. सरांनी पहिल्याच वर्षी त्याला बजावलं, बास्केटकडे पाहायचंच नाही, बॉल दुसऱ्याला द्यायचा. तो दुसरा म्हणजे कापसाच्या व्यापाऱ्याचा ताडमाड पोरगा. म्हटलं, इथं पाणी मुरतंय. दुकान अर्धं उघडं टाकून मी कुंपणामागून पाळत ठेवायचो. एकदा विचारलंच, "सर, आमचं पोरगं काऊन नुसतं वाढप्याचं काम करून राह्यलं?"

"उंची नाही हो त्याले, खोटं काऊन बोलू? पण न पाहता त्याले कळते, कोण कुठी आहे. हे शिकवून येत नाही. जे आहे त्याच्यावरच बांधू."

मला ही गोड बोलून केलेली बोळवण वाटली. मी मुख्याध्यापकांना सरांविरुद्ध निनावी अर्ज टाकला. ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला, आणि त्यात रोहनचं नाव सहा वेळा घातलं. एवढी माझी हुशारी.

आठवड्यानं सर घरी आले. अर्जाचा विषयही नाही. चहा घेतला आणि एक लांबट वही माझ्या हातात दिली. "मॅचले येऊन बसत जा. बास्केट झाली का ती कोणाच्या पासवर झाली, ते लिहा. माही एकट्याची नजर पुरत नाही."

मला गप्प बसवायचा डाव, दुसरं काय? मग मी सरांना पकडायचं म्हणूनच लिहीत गेलो, दोन वर्षं, एक बॉल न सोडता. पानंच्या पानं रोहनच्या नावानं भरली. तरी वाटायचं, मला दाखवायला रोहनच्याच पासवर बास्केट करायचं, असं त्या उंच पोराला आधीच पढवून ठेवलेलं असणार... जिल्ह्याच्या निवडीत रोहनच्या नावावर गुण जेमतेम होते. सरांनी निवड समितीपुढे ती वही उघडून ठेवली, आणि पोरगा संघात गेला. त्या दिवशी तरी मी अर्जाचं कबूल करायला हवं होतं. उद्या सांगू, परवा सांगू, यात सरच गेले. जाताना त्यांना ते माहीत होतं का, हा किडा डोक्यातून जाईना.

सरांच्या तेरवीहून परत येताना जीपमध्ये रोहन पुढे बसला होता. मागे मी बायकोला हळूच म्हटलं, "तो अर्ज माझा होता."

ती खिडकीबाहेरच पाहत होती. "सर त्या दिवशी तो खिशात घेऊनच आले होते. तुम्ही दूध आणाले गेले, तवा मले दाखवला. मी शरमून म्हटलं, सर, आमच्या माणसाचं मनावर घेऊ नका. तं हासले. म्हणे, 'वहिनी, एवढा संशयी माणूस मले दुसरा कुठी भेटन? वही त्यायलेच देतो.'"