तालमीचं ताक

माझ्यावर कुणी म्हणून विश्वास ठेवला नाही. "ताक मी घेतलं न्हाई," असं घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं, तर लोक माझ्या कढीच्या पातेल्यात डोकावून हसायचे! हाटेल चालवणाऱ्या बाईच्या पदरात असले किस्से पडतच राहतात. गिऱ्हाईक जेवून जातं, किस्सा मागं टाकून जातं.

निजामाचा अंमल होता तेव्हाचं सांगते. आखाडा बाळापूरच्या बाजारात, पाराला लागून आमचं हाटेल. हाटेल कसलं, चार पाट, दोन चुली अन् वर पत्रा. नाव मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. आवाज माझा.

*

पुसेगावचे एक पाटील बाजाराला आले की कढीवर तुटून पडायचे. एकदा वाटीमागून वाटी ओरपून म्हणाले, "बाई, या कढीत बुडून मरावं वाटून राहिलं!"

म्हटलं, "मरा खुशाल. पण आदी पाट मोकळा करा, मागं लोक खोळंबलेत!"

*

तुकाराम हा तालमीतला सगळ्यात दांडगा पैलवान. माझ्या ठेच्याचा एक घास घेतला अन् डोळ्यांतून धारा! वर म्हणतो, "घाम आलाय."

पलीकडं तांड्यावरची सोनीबाई जेवत होती. तिनं आपला ठेचा भाकरीशिवायच चाटून दाखवला. "घाम पूस दादा. न्हाईतर लोकाला वाटंल, पैलवान रडून राहिला!"

*

पारावर म्हाताऱ्यांचा सोंगट्यांचा डाव रोजचा. एकदा एक सोंगटी हरवली, तर मी सुपारी दिली. सखारामकाका हरायला लागले, तशी त्यांनी ती सुपारी गपकन तोंडात टाकली.

"काका, सोंगटी कुठाय?"

"मेली!" काका कडाकडा चावत म्हणाले. "मांडा नवा डाव!"

*

आता ताकाचं. कुस्तीची माती नुसती खणून भागत नाही. तिच्यात तेल, हळद, ताक घालून मऊ करावी लागते, नाहीतर पैलवानांची अंगं सोलून निघतात. जत्रेचं मैदान जवळ आलं की रोज संध्याकाळी एका घरून ताकाचा माठ तालमीत जायचा. वस्ताद किसनबा तो माठ मारुतीच्या कोनाड्याखाली ठेवायचे अन् पहाटे पोरं माती भिजवायची.

त्या वर्षी रोज पहाटे माठ अर्धा!

वस्तादांनी पारावर उभं राहून सांगितलं, "सारं ताक या बाईच्या कढीत जाऊन राहिलं. तिच्या हाटेलात पानीबी पिऊ नका!"

"काहून माझंच नाव?" मी भडकले. "बाईमानूस तालमीचा उंबरा तरी ओलांडतं का?"

"मग मालकाला धाडत असशील!"

आमचे मालक! मांजर आडवं आलं तरी घरी परतणारा माणूस!

पण वस्तादांचा शब्द. पोरं यायची बंद झाली. जत्रेला बाहेरगावचे पैलवान येणार, तेही वस्तादांचंच ऐकणार. म्हणजे हाटेलाला कुलूपच. मालक म्हणाले, "आपन औंढ्याला जाऊ, देवळापाशी दुकान टाकू." मी म्हटलं, "चोर म्हनवून घेऊन? मी न्हाई हलत!"

*

मग ताक द्यायची पाळी आमच्या घरची आली. हळद तशीही मातीत पडायचीच होती, मी ती आधीच ताकात कालवली. चांगली पसाभर! माठावर फडकं बांधलं अन् मालकांच्या हाती पाठवून दिला. अंधाऱ्या तालमीत पिणाऱ्याला रंग कुठून दिसणार?

सकाळी वस्ताद पारावर आले. "आजबी माठ अर्धा!" गरजले. "आता या बाईला उठवाच हितून!"

कुणी हललं नाही. सगळे वस्तादांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांच्या झुपकेदार मिशा, कालपर्यंत कापसासारख्या पांढऱ्या, आज पिवळ्याजर्द!

मी चुलीपासून उठले. "काहो वस्ताद, या वयात हळद लागली? नवरी कुठली?"

सखारामकाका हसून हसून आडवे झाले. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला, हात बघितला अन् खाली मान घातली.

तालमीची पोरं मात्र दगडासारखी उभी. गुरूचं नाव घेणार कोण?

मी पदर खोचला. "चार लोकांत माझं नाव घेतलं, तर चार लोकांतच सांगा. तालमीतलं ताक कुनी पिलं?"

तुकाराम पुढं झाला. वस्तादांच्या पाया पडला, मला हात जोडले, अन् साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला,

"मारुतीनं!"