पेनठाण्याच्या उतारावरचा ब्रेक

ती घटना आठवली की आजही माझी मान आपोआप खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांची कधी लाज वाटली नाही. लाज वाटली ती एका साध्या अपघाताच्या तपासात.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होती आणि मी अहेरीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाणं म्हणजे दोन कौलारू खोल्या, एक कोठडी आणि पावसाळ्यात नाले भरले की बाहेरच्या जगाला रामराम. हद्दीतल्या एका लाकूड ठेकेदाराकडे डिझेलवर चालणारा ओढगाडीचा ट्रक होता. मागे ओंडक्यांची ट्रॉली जोडून तो जंगलातून माल काढायचा, आणि कुणाची गाडी बंद पडली तर तीही ओढून आणायचा. घाट उतरताना मागचं वजन ट्रकला ढकलायचं, पायाचे ब्रेक तापून जळका वास सुटायचा. म्हणून ठेकेदाराने एक्झॉस्ट ब्रेक बसवायचं ठरवलं. धुराच्या नळीत एक झडप असते. ड्रायव्हरने दांडी ओढली की ती मिटते, धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

ठेकेदाराच्या शेडमध्ये लष्करी भंगारातला एक ब्रेक पडून होता. तोच बसव, असं त्याचं म्हणणं. त्याचा मिस्त्री घुग्घुसच्या कोळसा खाणीवर हात बसलेला, तिशीतला, तोंडाने फटकळ. तो अडून बसला.

"याची झडप या नळीच्या मापाची नाई शेठ, अन् दांडाबी ढिला हाये. धूर बाजूनं पळन, गाडी नाई थांबनार. नवा मागवा, नाई तं दुसरा मिस्त्री पाहा."

ठेकेदाराने कुरकुरत मुंबईहून मापाचा ब्रेक मागवला. मिस्त्रीने इंजिनाजवळ नळी कापून तो बसवला, सांध्यांत पॅकिंग घातलं, दांडी स्टिअरिंगखाली आणली. मग स्वतः शेजारी बसून ड्रायव्हरकडून घाट उतरवून घेतला. ड्रायव्हर पन्नाशीचा, त्या मुलखात सगळ्यांत जुना. सगळे त्याला भाऊ म्हणत. तो एकटा राही, आणि त्याचा डबा मिस्त्रीच्या घरून येई. खाली आल्यावर तो खुशीत मिस्त्रीला म्हणाला होता, "पायाले कामच नाई राह्यलं रे बाबू!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भरदुपारी, तोच ट्रक त्याच घाटात सुटला आणि ट्रॉलीसकट नाल्यात गेला. ओंडक्यांवर बसलेला एक मजूर जागीच गेला. तो घाटाखालच्या पाड्यावरचा, तिथल्या गायत्याचा, म्हणजे देवाचं करणाऱ्या म्हाताऱ्याचा पुतण्या. ड्रायव्हरचा पाय मोडला. दवाखान्यात त्याने जबानी दिली ती एवढीच : "दांडी ओढली साहेब. ब्रेक नाई लागला."

संध्याकाळी ठेकेदाराचा मुनशी ठाण्यात आला. खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव नका घेऊ. मिस्त्रीनं नवा ब्रेक बाहेर इकला, अन् भंगारातला बसवला. शेडमधून तो गायब हाये." मी शेड पाहिली. भंगारातला ब्रेक खरोखरच जागेवर नव्हता. ट्रक नाल्यात उलटा पडलेला, उघडून बघायची सोय नव्हती. मी निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला आणि मिस्त्रीला कोठडीत घातलं.

चौकशीत तो चिडला, ओरडला, पण डगमगला नाही. "मी काऊन इकू? भाऊ त्याच गाडीवर बसते न! त्याचा जीव मले स्वस्त हाये का?" भंगाराचं विचारलं तर म्हणाला, "मीच फेकला झाडीत. शेठनं पुन्हा बसवाले लावला असता." झाडीत शोधायला शिपाई पाठवले, पण गवत कमरेएवढं, हाती काही लागलं नाही.

माझा एक अनुभव आहे. कोठडीतल्या माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या जेवणाकडे पाहावं. मिस्त्रीची बायको रोज दोन डबे घेऊन यायची, एक नवऱ्याला कोठडीत आणि दुसरा दवाखान्यात भाऊला. मिस्त्री पोटभर जेवायचा आणि घोरायचा. दवाखान्यातला डबा मात्र झाकणही न काढता परत यायचा. बाई माझ्याकडे येऊन काळजीने म्हणाली, "साहेब, डॉक्टरले सांगा न. भाऊले अन्न जाऊन नाई राह्यलं." त्या वेळी मी ते दुखण्यावर ढकललं.

ट्रक सरळ करून काठावर ओढायला आम्ही हल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, जोड्या लावल्या. मी स्वतः केबिनमध्ये चढलो. ब्रेकची दांडी शेवटपर्यंत ओढलेली होती. नळी सोडवून पाहिली, तर आत नवाच ब्रेक, झडप घट्ट मिटलेली, कुठे फट नाही. ठेकेदाराची कातडी वाचवायला बोललेला मुनशी तिथून कधी सटकला ते कळलंही नाही. मग गाडी थांबली का नाही? एवढ्यात हल्ये पुढे झाले आणि ट्रकची चाकं अलगद फिरू लागली. मी ठाण्याची जीप चालवत असे. गिअरमध्ये असलेली गाडी अशी मोकळी चालत नाही. इंजिनाची ताकद चाकांना देणारा मागचा शाफ्टही शाबूत होता. म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये होती, इंजिनाचा चाकांशी संबंधच सुटलेला.

मी तसाच दवाखान्यात गेलो. उशाशी डबा होता, बंद. मी एवढंच विचारलं, "भाऊ, गाडी न्यूट्रल का केली होती?"

 तो रडू लागला. घाटाच्या माथ्यावर पेनठाणा आहे, गोंडांच्या देवाची जागा. तिथे देवाला आवाज नको म्हणून इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडून द्यायची, हा सगळ्या ड्रायव्हरांचा रिवाज. त्याने आयुष्यभर तो पाळला होता. "बाबूनं मले बजावलं होतं, भाऊ, हा ब्रेक गिअरातच काम करते. मी हो म्हटलं. पन देवापाशी हात आपोआप गेला साहेब. ओझ्यानं गाडी पयाली, पायाचा ब्रेक जळला, मंग गिअर पडेच ना. आता कोन्या तोंडानं सांगू? देवाचं नाव घेऊ का माह्यं?"

जबानी पुरी करायची म्हणून मी पाड्यावर गायत्याकडे गेलो. पुतण्याच्या दुःखात बसलेला तो म्हातारा सगळं ऐकून घेत होता. मग शांतपणे म्हणाला, "आवाज नको असं कोनं सांगतलं? आमी तिथी रातभर ढोल वाजवतो. आमचं म्हननं एवढंच, की मानसानं थांबावं, खाली उतरावं, हात जोडावे. तुमाले थांबाले येळ नोहता. म्हनून तुमी गाडी बंद करून पुढं जाऊ लागले."

मला वर बघवेना. त्या माथ्यावरून माझी जीपही कितीदा अशीच गुपचूप घरंगळली होती, आणि देवाचा मान राखला म्हणून मी मनात खूशही झालो होतो.

मिस्त्रीला सोडलं. घरी जाण्याआधी तो दवाखान्यात गेला, मी मागोमाग होतो. भाऊने त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मिस्त्रीला सगळं कळलेलं होतं. त्याला चार शिव्या द्यायचा पुरता हक्क होता. त्याने उशाचा डबा उचलून हातात तोलून पाहिला. "भाऊ," तो म्हणाला, "जेवला काऊन नाई? ते माऊली पहाटे उठून रांधते तुमच्यासाठी."

भाऊचे खांदे हलत राहिले, पण तो वळला नाही. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

त्या प्रकरणाने मला शिकवलं, की माणूस पापापेक्षा लाज जास्त लपवतो, आणि ती लपवताना आपल्या जिवाभावाच्या माणसाला कोठडीत बसू देतो. आणि हेही, की आपल्या घाईला आपण फार सहज भक्तीचं नाव देतो. बदली होईपर्यंत मी त्या घाटातून जाताना पेनठाण्यापाशी जीप थांबवत असे. इंजिन तसंच धडधडत ठेवून खाली उतरायचो आणि हात जोडायचो. पण देवाकडे मान वर करून पाहणं मला कधी जमलं नाही.